डिमेन्शिया असलेल्या माणसाला इन्फेक्शन झालंय हे घरात कसं ओळखायचं?

सिस्टर_देवगड

देवगड-विजयदुर्ग पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांना घरीच सांभाळणाऱ्या सुना, मुली आणि दिवसपाळीला येणाऱ्या बाया, या सगळ्यांसाठी एक पानाचं टिपण तयार करते आहे. मृगाआधी घरोघरी पोचवायचं आहे. जाणकारांची मदत हवी.

मुळात हे रुग्ण "मला बरं नाही" असं सांगत नाहीत. कालपर्यंत न्हाणीपर्यंत चालत जाणारी आजी आज उठतच नाही. एरवी शांत असणारे आजोबा रात्रभर दाराची कडी ओढत बसतात. अशा वेळी घरात दोनच अर्थ लावतात, "आजार वाढला" किंवा "बाधा झाली". अंगात इन्फेक्शन असेल हे सुचेपर्यंत तीन-चार दिवस निघून जातात. याच्या उलट, ज्यांना ते सुचतं ते प्रत्येक वेळी लघवीचा रिपोर्ट करतात आणि अँटिबायोटिकचा कोर्स देतात, मग बिघाड कुठेही असो.

माझे प्रश्न: कोणता बदल डिमेन्शियाचा मानायचा आणि कोणता इन्फेक्शनचा? थर्मामीटरवर ९९ दिसलं तर तो ताप धरायचा का? लघवी कधी तपासायची? आपल्याकडचे पावसाळी ताप या माणसांत कसे दिसतात? आणि रात्री दोनला, पाणंद पाण्याखाली असताना, काय करायचं?

---

जनरल_प्रॅक्टिस_लांजा

सिस्टर, टिपणाच्या पहिल्या ओळीत एकच गोष्ट येऊ दे: डिमेन्शिया महिन्यांच्या चालीने वाढतो, दोन दिवसांत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बदलला तर तो डिलिरियम, आपले जुने लोक ज्याला "वात झाला", "भ्रम झाला" म्हणायचे तो. डिमेन्शिया असलेल्या मेंदूजवळ राखीव ताकद कमी असते, त्यामुळे साध्या छातीच्या कफानेही तो कोलमडतो. इन्फेक्शन हे त्याचं एक मोठं कारण, पण एकमेव नव्हे.

डिलिरियमची दोन लक्षणं घरात कळतात. पहिलं, चढउतार. सकाळी अकराला बरी, चारला ओळखत नाही, रात्री बरळते. म्हणून दवाखान्यात पाच मिनिटं शहाण्यासारखी बोलली तरी फसू नये आणि रात्री जवळ झोपणाऱ्या माणसाला आवर्जून विचारावं. दुसरं, लक्ष न टिकणं. मागच्या आठवड्यात रविवारपासून उलटे वार सांगू शकत होती आणि आज शनिवारवरच अडकते, किंवा वाक्याच्या मध्येच डोळे मिटतात, तर काहीतरी घडलेलं आहे. एक अपवाद सांगतो. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात असा चढउतार मुळातच असतो. तिथे "नेहमीच्या चढउतारापेक्षा वेगळं काय" हा प्रश्न विचारायचा.

सगळ्यांत जास्त सुटतो तो गप्प प्रकार. आरडाओरडा करणाऱ्याला कुणीतरी डॉक्टरकडे नेतं. पण सतत "घरी जायचंय" म्हणणारी बाई एकदम शांत पडून राहिली, जेवण मागेनाशी झाली, की घरातल्यांना वाटतं, बरं झालं, आज निवांत आहे. तिलाच अनेकदा न्यूमोनिया असतो. टिपणात हे ठळक अक्षरात लिहा, कळकळीने सांगतो.

आता आकडे. म्हाताऱ्या माणसाचं अंग मुळात थंड असतं आणि इन्फेक्शनला ते तरण्यासारखं तापत नाही. त्यामुळे १०१ची वाट बघू नका. तोंडात मोजून एकदाही १००च्या वर गेलं, किंवा पुन्हापुन्हा ९९च्या वर येत राहिलं, किंवा तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ अंश फॅरनहाइटने वाढलं, तर तो ताप. घरात सगळ्यांत उपयोगी तिसरा नियम, पण त्यासाठी नेहमीचा आकडा माहीत हवा. एरवी ९६.६ असणाऱ्या आजीचा आज ९८.८ आला तर थर्मामीटर "नॉर्मल" दाखवत असला तरी तिला ताप आहे. उलट ९५च्या खाली गेलं, अंग गार आणि घामेजलेलं असेल, तर ताप नाही म्हणून निवांत राहू नये. गंभीर इन्फेक्शनमध्ये असंही होतं.

म्हणून बरी असतानाची वही. सलग पाच दिवस, सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला: तापमान, नाडी, मिनिटाला श्वास, ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर), रक्तदाब. शिवाय पेज किती वाट्या जाते, लघवीला किती वेळा, शौच कधी, माजघरातून न्हाणीपर्यंत धरून चालते की न धरता, हाक मारल्यावर किती वेळात बघते. इतकं एका पानावर मावतं. पुढे कधीही बिघडलं की हे पान तुलनेला असतं. ते नसेल तर मीसुद्धा अंदाजच बांधतो.

थर्मामीटर काखेत, डिजिटल. काचेचा तोंडात देऊ नका, चावला तर पारा आणि काच दोन्ही. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, पण रोज काखेतच घेतलात तर तुलना बरोबर राहते. काख पुसून कोरडी करा. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने आकडा खाली येतो. कपाळावर धरायचं बंदुकीसारखं यंत्र पंख्याखाली आणि घामेजलेल्या कपाळावर भरवशाचं नाही.

तापाआधी बोलतो तो श्वास. झोपलेली असताना, तिला न सांगता, पोटाची हालचाल बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, एक श्वास चुकला तर चारचा फरक पडतो. २५ किंवा जास्त आले तर त्याच दिवशी डॉक्टर. २२ आणि सोबत नवा गोंधळ असेल तरीही त्याच दिवशी. ऑक्सिजन नेहमी ९६-९७ असणाऱ्याचा ९३वर आला तर त्याच दिवशी, ९२च्या खाली लगेच. दम्याच्या किंवा जुन्या धूम्रपान करणाऱ्या माणसाचा आकडा मुळातच कमी असू शकतो, तिथे पुन्हा वही. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखावर मेंदी असेल तर दुसरं बोट, आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्याशिवाय लिहू नका.

नाडीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. डिमेन्शियाची डोनेपेझिल किंवा रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर इन्फेक्शनमध्येही नाडी वाढत नाही.

---

पडवीतली_परिचर्या

डॉक्टरांचे आकडे घेतल्यावर पुढचं काम डोक्यापासून पायापर्यंत बघण्याचं. रोजच्या आंघोळीत सात-आठ मिनिटांत होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. लघवीवर संशय घ्यायच्या आधी हे व्हायलाच हवं.

तोंड उघडून टॉर्च मारा. कवळी काढूनच. जेवायला नकार, एकाच बाजूने चावणं, तिखट लागताच तोंड वाकडं, यामागे हिरडीतलं गळू किंवा तोंडातली बुरशी असते. जिभेवरचा पांढरा थर पुसल्यावर खाली लाल दिसला तर बुरशी समजा. जुन्या बाया मिश्री लावतात, त्यांच्या गालाच्या आत जखमा सापडतात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि तोंड दिवसातून दोनदा पुसायचं, दात नसले तरी. तोंडातली घाण लाळेबरोबर श्वासनळीत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

याच विषयात गिळणं. चहा पिताना ठसका, किंवा चहानंतर आवाज ओला-घरघरणारा, ही सूचना. आपल्याकडे आजारी माणसाला पेजेचं वरचं पाणी देतात. पण गिळण्याचा त्रास असलेल्याला पातळ पाणीच आधी श्वासनळीत जातं, पेजेतला घोटलेला दाट भात त्या मानाने सुरक्षित. पाठ सरळ करून बसवा, मान किंचित खाली, छोटा चमचा, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. मोठा ठसका लागला असेल तर पुढचे दोन दिवस श्वास मोजत राहा.

छातीनंतर त्वचा. स्तनांखाली, जांघेत, काखेत, कमरेला जिथे निऱ्या खोचतात तिथे बघा. माकडहाड, टाचा, कुल्ल्यांची हाडं बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पालथ्या बाजूने उष्णता तपासा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर बोटांच्या बेचक्यात बघा. पावसात तिथे चिखल्या होतात आणि जंतू तिथूनच शिरतात. लाल किंवा गरम भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, वेळ लिहा. सहा तासांत रेघेबाहेर पसरलं तर थांबायचं नाही. हत्तीरोगाच्या जुन्या पायाला हा त्रास पुन्हापुन्हा होतो, तिथे "पाय नेहमीच सुजलेला" म्हणून दुर्लक्ष होतं. त्या पायाचा घेर घोट्यावर आणि पोटरीवर टेपने मोजून वहीत लिहून ठेवा.

एका बाजूच्या बरगडीवर हात लावू देत नसेल तर नागीण लक्षात ठेवा. पुरळ येण्याच्या दोन-चार दिवस आधीच दुखतं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर फायदा जास्त. घरात आधी कावेचा लेप लावतात आणि मग डॉक्टरला पुरळ दिसतच नाही. लेप दाखवून झाल्यावर.

दुखणं कसं ओळखायचं? बोलता येत नसलं तरी श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ताठरता आणि जवळ घेतल्यावर शांत होते की नाही, या पाच गोष्टी सांगतात. स्वस्थ पडलेली असताना एकदा बघा, कूस बदलताना एकदा. कूस बदलताना कपाळाला आठ्या आणि हात झटकणं आलं तर त्या जागी काहीतरी आहे.

आणि विचारा तिच्या भाषेत. आजार पुढे गेला की शिकलेली भाषा गळते, लहानपणची राहते. "आपल्याला कुठे वेदना होतायत?" याला उत्तर येणार नाही. "खंय दुखता?" याला येईल. एका वेळी एक प्रश्न, "होय-नाय"मध्ये उत्तर येईल असा: "पोटात दुखता?" मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. तेवढा वेळ तिला लागतो.

---

लॅब_कुडाळ

लघवीबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतो.

वय झालेल्या बाईच्या लघवीत जंतू असणं म्हणजे आजार नव्हे. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या बायकांमध्ये तिसऱ्या-चौथ्या बाईच्या नमुन्यातही काही त्रास नसताना जंतू सापडतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर जवळजवळ प्रत्येकाच्या. म्हणजे नुसता गोंधळ वाढला म्हणून नमुना पाठवला तर "इन्फेक्शन" असा रिपोर्ट यायची शक्यता मुळातच मोठी. मग अँटिबायोटिक सुरू होतं आणि खरं कारण, समजा छातीतला न्यूमोनिया किंवा पाच दिवसांचा बद्धकोष्ठ, तसंच राहतं. लघवीची पट्टी ६५च्या वरच्या माणसात यासाठीच भरवशाची नाही.

वास उग्र आणि रंग गडद म्हणून नमुना पाठवू नका. ते बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याचं लक्षण. पाठवायचा तो नवीन आग, वारंवार थोडी-थोडी लघवी, नव्याने अंथरुणात होऊ लागणं, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, लघवीत रक्त, किंवा हुडहुडी-ताप असेल तेव्हा. लघवीच्या वेळी चेहरा आक्रसणं, बसल्या जागेवरून उठायला बघणं, साडी-लेंग्याला सारखा हात जाणं, हेही आग होत असल्याच्या खुणांत धरा.

नमुना घ्यायचा तर नीट. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, अँटिसेप्टिक नको. सुरुवातीची धार सोडा, मधली निर्जंतुक डबीत, झाकणाला आतून बोट लावू नका. डायपर पिळून कधीच नाही, कॅथेटरच्या पिशवीतून कधीच नाही. पहिल्या गोळीच्या आधी घ्या, नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत. दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नव्हे, आतल्या फळीवर. तिथे २४ तास चालतो. वाटेत थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, पण डबी बर्फाला चिकटू नये, गोठलेला नमुना फुकट. वीज गेली आणि फ्रिज तासनतास बंद असेल तर नवा घ्या.

रिपोर्ट वाचताना "एपिथेलियल सेल्स भरपूर" आणि "मिक्स ग्रोथ" हे शब्द दिसले तर नमुन्यात बाहेरची त्वचा मिसळली आहे, त्यावर औषध ठरवू नये. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, ४८ ते ७२ तास लागतात, त्याआधी फोन करून "कोणते जंतू" विचारल्यास आमच्याकडे उत्तर नसतं.

---

आई_सांभाळणारा_राजापूर

लॅबवाल्यांशी पूर्ण सहमत नाही. "लघवी तपासू नका" असं टिपणात आलं तर लोक तपासणारच नाहीत आणि खरं इन्फेक्शन रक्तात जाईल. गावात एक्स-रे लगेच मिळत नाही, लघवी तरी होते.

---

जनरल_प्रॅक्टिस_लांजा

दादा, तुमची भीती रास्त आहे. म्हणून शब्द "तपासू नका" असे नकोत, "लघवीची लक्षणं किंवा ताप असेल तर तपासा, नसतील तर आधी बाकीचं शोधा आणि बारकाईने लक्ष ठेवा" असे हवेत. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शनातही हेच आहे: लघवीत जंतू सापडले, नवा गोंधळ आहे, पण लघवीची लक्षणं नाहीत, ताप नाही, रक्तदाब घसरलेला नाही, तर अँटिबायोटिक देण्याऐवजी दुसरी कारणं शोधावीत. आता उलट बाजू. ताप, घसरलेला रक्तदाब, जलद श्वास असेल तर लघवीच्या रिपोर्टसाठी घरी थांबायचंच नाही. त्या माणसाला रुग्णालय हवं, रिपोर्ट तिथे होईल.

बाकीचं शोधायचं म्हणजे काय तेही लिहितो. मधुमेह असेल तर सर्वांत आधी ग्लुकोमीटर. ७०च्या खाली असेल तर कारण तेच असू शकतं. इन्फेक्शनमध्ये साखर चढते, पण जेवण बंद आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू, असं झालं की कोसळते. मग ओटीपोट दाबून बघा. जघनहाडाच्या वर कडक, गोल फुगवटा लागला तर मूत्राशय भरून राहिलं आहे, आणि डायपर ओला असला तरी हे शक्य आहे, कारण भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत राहतं. तीन दिवसांपेक्षा जास्त शौच नसेल तर त्याचाही विचार. गेल्या दोन आठवड्यांत पडली होती का, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तर डोक्याचा स्कॅन. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बोबडं असेल तर तो पक्षाघात, मिनिटं मोजायची. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम तपासून घ्या, ते घसरलं की अगदी असाच भ्रम होतो.

पावसाळी तापांचं. लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस): आजोबा अनवाणी मळ्यात किंवा गोठ्यात गेले होते का, पायाला चीर आहे का, हे घरच्यांनी आठवायचं, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. पाण्याचा संपर्क झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. पोटऱ्या दाबल्यावर पाय ओढून घेतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत, मग लघवी कमी आणि डोळ्यांत पिवळेपणा. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर वाचवतं. स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून येणारा ताप): गवताच्या कडेला, आंब्या-काजूच्या बागेत. कातडीच्या घडीत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडते, दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे शोधल्याशिवाय दिसत नाही. वर ताईंनी सांगितलेल्या जागा त्यासाठी नेमक्या आहेत. मलेरियाची किटवरची तपासणी आशाताईंकडे होते. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून नको. दोडामार्ग-सावंतवाडीकडे पावसाळा नाही, उलट डिसेंबर ते मे या दिवसांत माकडतापाचा (गोचिडीच्या चाव्यातून होणारा केएफडी) विचार करावा, विशेषतः जवळपास मेलेली माकडं दिसली असतील तर.

---

फार्मसी_काउंटर

थोडक्यात, दुकानात रोज होणाऱ्या चुकांबद्दल.

पॅरासिटामॉल द्यायच्या आधी तापमान मोजून लिहा. गोळीनंतर सहा तास आकडा खोटा बोलतो. ५० किलोच्या आतल्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५००च्या चार गोळ्यांच्या वर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेला असतो, हे डॉक्टरांना सांगा.

सर्दीच्या तयार गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्याने गोंधळ वाढतो आणि लघवी अडते. रात्री शांत झोपावी म्हणून अल्प्राझोलामची अर्धी गोळी वाढवू नका, डिलिरियम त्याने लांबतो आणि श्वास मंदावतो. लेवी बॉडी किंवा पार्किन्सन असेल तर शांत करण्यासाठीचं हॅलोपेरिडॉल, आणि उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या धोक्याच्या. चिठ्ठी देणाऱ्याला आजाराचं नाव सांगणं तुमचं काम आहे. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन, ऑफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकांनी काही वृद्धांत स्वतःच भ्रम होतो आणि मधुमेह्याची साखर खाली येते. कोर्स सुरू झाल्यावर गोंधळ वाढला तर गोळीचाही संशय घ्या. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देणं तर पूर्ण बंद.

शहाळ्याबद्दलही सांगतो, कारण तो आपला पहिला उपाय. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम अंगात साठतं. त्यांना शहाळ्याऐवजी काय आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारा, मीठही त्यांनी सांगितल्याप्रमाणे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. तांब्या मोजून भरून ठेवला की संध्याकाळी किती उरलं ते दिसतं.

---

सिस्टर_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. बाधा झाली म्हणून गाऱ्हाणं घालायला नेतात, त्यात एक-दोन दिवस जातात, आणि तोंडावर "हे खोटं" म्हटलं तर पुढच्या वेळी मला घरात घेणार नाहीत. आणि रात्रीचा प्रश्न कुणी घेतला नाही.

---

पडवीतली_परिचर्या

गाऱ्हाणं घालायचं तर घालू दे, सिस्टर. त्यावर वाद घालण्याऐवजी क्रम सांगा: आधी काखेत थर्मामीटर, एक मिनिट श्वास, साखर, मग घरच्याच देवापुढे नारळ. आजारी माणसाला उठवून कुठे न्यायचं नाही, उपास घडवायचा नाही, धुरीच्या खोलीत बसवायचं नाही. एवढ्यावर बहुतेक घरं राजी होतात, कारण त्यांची श्रद्धा तशीच राहते आणि आपला वेळही जात नाही.

रात्रीसाठी दोन याद्या वेगळ्या करा. थांबायचं नाही अशी: हाकेला डोळे उघडत नाही किंवा लगेच पुन्हा गुंगीत जाते, श्वास २५ किंवा वर, ऑक्सिजन ९२च्या खाली, वरचा रक्तदाब १००च्या खाली (एरवी १५० असणाऱ्याला ११०सुद्धा घसरलेलाच), ओठ किंवा नखं निळसर, हातपाय गार आणि चट्टेदार, फिट, किंवा मान ताठ आणि ताप. यातलं एकही असेल तर १०८. फोनवर वाडीचं नाव, तिठ्याची खूण, गाडी कुठवर येईल आणि माणूस चालू शकत नाही हे आधी सांगा. पाणंदीतून न्यायला हात असलेली लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना बांबू, छातीला आणि मांड्यांना लुगड्याची पट्टी, आणि चार माणसं. हे बांबू पावसाळ्याआधीच खळ्यात ठेवून द्या, रात्री शोधायला लागू नयेत. गुंगी खोल असेल किंवा उलटी होत असेल तर खुर्ची नको, घोंगडीची झोळी करून कुशीवर.

सकाळपर्यंत लक्ष ठेवता येईल अशी यादी: हलका ताप, थोडा वाढलेला गोंधळ, पण हाकेला उत्तर, घोट गिळते, श्वास २२च्या आत, लघवी होते आहे. अशा वेळी दर दोन तासांनी श्वास आणि तापमान वहीत लिहा, रात्रीची पाळी दोघांनी वाटून. दिवा मंद पण चालू, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं, ओळखीचा माणूस समोर, हातपाय बांधायचे नाहीत. बारा तासांत लघवीच झाली नाही तर ही यादी संपली, पहिली लागू.

गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका, पाणी नाही, पेज नाही, तीर्थही नाही, ओठ ओल्या कापडाने पुसा. साखर ७०च्या खाली आणि माणूस जागा, गिळतोय, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळत नसेल तर नुसतं १०८.

---

जनरल_प्रॅक्टिस_लांजा

फोनवर डॉक्टरला काय सांगायचं त्याचा नमुना टिपणाच्या मागच्या बाजूला छापा, रिकाम्या जागा ठेवून. असा: "वय ८१, डिमेन्शिया चार वर्षं. परवा संध्याकाळपर्यंत नेहमीसारखी. काल सकाळपासून उठत नाही, जेवण निम्मं. काखेत ९८.८, एरवी ९६.६. श्वास २६, एरवी १८. ऑक्सिजन ९३. रक्तदाब ११०/७०, एरवी १४०. साखर १८०. लघवी काल चार वेळा, आज एकदा. शौच कालच. परवा चहाला ठसका लागला होता. चालू गोळ्या या, ॲलर्जी ही." एवढं ऐकून मी फोनवरच सांगेन की हिच्या छातीत आहे, निघा. "आई कालपासून कशीतरीच करतेय" यावरून मला काहीच सांगता येत नाही.

औषध सुरू झाल्यावर काय बघायचं तेही घाला. ४८ तासांत ताप आणि श्वास खाली यायला हवा, घोट वाढायला हवेत. ते झालं आणि गोंधळ मात्र तसाच आहे, तर औषध फुकट गेलं असं समजून बदलू नका. डिलिरियम निवळायला दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि काही माणसं पूर्ण पहिल्यासारखी होत नाहीत. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. ४८ तासांत श्वास-ताप उतरला नाही तर मात्र पुन्हा दाखवायचं, कल्चर रिपोर्ट हातात घेऊन.

आणि वहीतलं "नेहमीचं" पान अशा आजारानंतर महिनाभराने नवीन भरा. जुने आकडे तेव्हा तिचे राहिलेले नसतात.

---

सिस्टर_देवगड

मागची बाजू फोनच्या नमुन्याला दिली. पुढच्या बाजूला वहीचं पान, श्वास मोजायची रीत आणि दोन याद्या. लघवीचं वाक्य लांज्याच्या डॉक्टरांच्या शब्दांत घेते. पान प्लास्टिकमध्ये घालून न्हाणीच्या दाराला टांगायला सांगणार आहे, कारण आंघोळीच्या वेळी बघायचं ते तिथेच डोळ्यांसमोर राहील. गावातल्या दुकानात डिजिटल थर्मामीटरची बटण-बॅटरी मिळत नाही, म्हणून प्रत्येक घराला एक जादा बॅटरी सोबत देते.